मढ्याची छाती हलते

१

साळुबाईला भुतांची भीती कधी वाटली नाही. तिला राग होता तो भुतांचे पिक्चर काढणाऱ्यांचा, आणि राग होता म्हणूनच ती त्यांचा एकही पिक्चर सोडत नसे.

दर सोमवारी ती आण्याच्या पठारावरून एस.टी.नं बेल्ह्याच्या बाजाराला उतरायची. अंडी आणि मटकी विकून झाली, की बैलबाजाराच्या मागं चांदभाईच्या व्हिडिओत शिरायची. व्हिडिओ म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. खिडक्यांना काळं फासलेलं, पुढं टेबलावर कलर टीव्ही, बसायला गोणपाट. बाईमाणूस तिकडं फिरकत नसे. साळुबाई मात्र पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसायची. दुपारच्या शोला चांदभाई मुद्दाम भुताचा पिक्चर लावायचा, कारण निम्मं गिऱ्हाईक म्हातारीला ऐकायलाच यायचं.

"आलं बघा भूत, पांढरं लुगडं नेसून! मसणात परटीण बसवलीय का रं ह्यांनी? मरून वरसं झाली, तरी घडी मोडली न्हाई."

"काकी, जरा हळू," चांदभाई मागून म्हणायचा. "पब्लिक डरायला आलीय."

"मग डरव की! ह्या नखांना कोण भिणार? पत्र्याची हायती. कातरताना कड राहिलीय, ती मला हितनं दिसती."

शाळेचं तोंड न बघितलेली ही बाई स्टँडच्या भिंतीवरच्या पोस्टरांवरून अक्षर अक्षर जुळवत वाचायला शिकली. तिनं वाचलेला पहिला शब्द 'खून', दुसरा 'आत्मा'. त्यामुळे या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये, असं तिचं ठाम मत होतं.

तिचे दोन आक्षेप कायमचे होते. पहिला म्हणजे, मढ्याची छाती हलते. कुठलाही पिक्चर घ्या, पडद्यावर मेलेला माणूस श्वास घेतोच. साळुबाई बोट दाखवायची, "हल्ली! बघा, हल्ली!" आणि अख्खी खोली हसायची. दुसरा आक्षेप हिरॉइनींवर. मागून हाक आली की त्या वळतात. "वळू नगं गं बये!" साळुबाई ओरडायची. "म्होरं दार हाय, पळ की! मागं तुझं काय ठिवलंय?" पण एकही हिरॉइन कधी तिचं ऐकायची नाही. वळायची, आणि मरायची.

"अक्कल न्हाई म्हणून मरत्यात," हा साळुबाईचा निकाल.

२

अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात पठारावरच शूटिंग आलं. एक मेटाडोर, एक कॅमेरा आणि दहा-बारा माणसं. हिरो स्वतःच्या शर्टाला स्वतःच इस्त्री करत होता, यावरून साळुबाईनं ओळखलं की पिक्चर भुताचाच असणार.

गावाच्या कडेला भिमाजीचं दगडी घर रिकामं पडलं होतं. भिमाजीची सगळी माणसं मुंबईला. तेच घर त्यांनी घेतलं. हिरॉइन मरते आणि तिची तिरडी घरातून निघते, एवढाच प्रसंग तिथं काढायचा होता. पण हिरॉइनच्या आईनं ऐन वेळी पाय रोवले. माझी पोरगी तिरडीवर झोपणार नाही म्हणाली, अपशकुन होतो. डायरेक्टर डोक्याला हात लावून पायरीवर बसला. शेजारी त्याच्या माणसांनी बांधलेली तिरडी पडली होती. साळुबाईनं ती पायानं ढोसली.

"ही तिरडी हाय का बाज? हिच्यावर मढं न्हाई, पावणा झोपंल."

डायरेक्टरनं गॉगल वर केला. "मग कशी असते, आजी? तुम्हीच सांगा ना."

साळुबाईला आयुष्यात पहिल्यांदा पिक्चरवाल्यानं विचारलं होतं. तिची मान जी ताठ झाली ती झालीच. तिनं गेणभाऊला सांगावा धाडला. गावातल्या सगळ्या तिरड्या गेणभाऊच बांधायचा. आणि मढं कोण होणार, हा प्रश्न पडायच्या आत गर्दीतून तिची नात पुढं झाली. स्नेहल. सतरा वर्षांची. आईबाप भोसरीला कंपनीत आणि पोरगी आजीपाशी, अगदी पाळण्यात होती तेव्हापासून. साळुबाईच्या घरात तेवढं एकच माणूस होतं.

"आजी, मी झोपते ना. लांबनं कुणाला कळतंय हिरॉइन का मी?"

"जित्या माणसाला तिरडी बांधत न्हाईत, साळू," गेणभाऊ हळूच म्हणाला.

"तमाशात राजा रोज मरतो, दुसऱ्या दिशी भजी खातोय न्हवं? बांध."

"मला खोटी बांधता येत न्हाई," गेणभाऊ म्हणाला. "मी बांधली का ती खरीच असती."

"तेच पायजे," साळुबाई म्हणाली.

३

एकदा सुरुवात झाल्यावर साळुबाईनं काही कमी ठेवलं नाही. टँकरचं पाणी मागून घेतलं, स्नेहलला अंगणात पाटावर बसवून डोक्यावरून हंडा ओतायला लावला. पोरगी कुडकुडत हसत होती. नवं कापड आलं. गेणभाऊनं तिला तिरडीवर निजवलं आणि पायाचे दोन्ही अंगठे दोऱ्यानं एकाला एक बांधले, मढ्याचे बांधतात तसे. बायका रडल्या. आधी हसत हसत रडल्या, मग एकीला खरंच कुणीतरी आठवलं आणि सगळ्याच खऱ्या रडल्या. डायरेक्टर खूश झाला.

कॅमेरा अंगणात घराकडं आणि रस्त्याकडं तोंड करून ठेवला होता. मी हात करेपर्यंत चालत राहा, डायरेक्टर म्हणाला. तिरडी निघाली. सगळं गाव मागून निघालं. घरात नि दारात कुणीही राहिलं नाही. साळुबाई तिरडीच्या कडेनं पदरानं वारा घालत चालली होती.

डायरेक्टरनं हात केला का नाही, कुणी वळून बघितलं नाही. तिरडी उचलली की पाय आपोआप विसाव्याच्या लिंबापाशीच थांबतात, ही गावची सवय. विसाव्यावर खाली ठेवली, खांदे बदलायला माणसं पुढं झाली. गेणभाऊनं वाकून एक खडा उचलला आणि कापडाच्या चिंधीत बांधला. गेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्या खड्यात राहतो, म्हणून त्याला जीवखडा म्हणतात. गेणभाऊनं तो सवयीनं उचलला. कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग स्नेहल उठून बसली. "आजी, पाठ मोडली माझी." सगळे हसले. बांधलेली तिरडी माघारी न्यायची नसते, म्हणून गेणभाऊनं ती तिथंच पेटवून दिली. गावकरी विसाव्यावरून रानातल्या पायवाटेनं घरी गेले. भिमाजीच्या घराकडं परत कुणीच गेलं नाही. तिन्हीसांजेच्या आत मेटाडोर घाट उतरून गेली होती.

४

आवाज पहिल्यांदा साळुबाईला कधी ऐकू आला, ते तिला सांगता आलं नसतं. भाकरी थापताना पाठीमागं 'थप्' व्हायचं. तिला वाटायचं, आपलीच भाकरी. मग एकदा हात परातीत थांबलेला होता तरी आवाज आला.

थप्.

तिनं मागं बघितलं. स्नेहल आत आली होती. उंबरा ओलांडताना तिनं दोन्ही पाय जोडून उडी मारली होती, बस्स. चिमणी टुणटुण उड्या मारते तशी.

"हे काय नवं?"

"बरं वाटतं," स्नेहल म्हणाली.

वयात आलेली पोर, कधी लहान व्हावंसं वाटतं, साळुबाईनं मनाची समजूत घातली. चालायची नीट, धावायचीही. फक्त उंबरा आला की पाय जोडायची. देवळाचा असो, पिठाच्या गिरणीचा असो. एस.टी.च्या पायरीवरही तशीच चढली, तेव्हा कंडक्टर हसला होता. साळुबाईनं रागवून बघितलं, लाडानं सांगून बघितलं. पोरगी मान डोलवायची आणि पुढच्या उंबऱ्याशी थप्.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आवाज अंगवळणी पडला. घरात एखादं दार कुरकुरतं, तसं हे. साळुबाई स्वतःला म्हणायची, पिक्चर बघून बघून तुझं डोकं फिरलंय म्हातारे. पण भाकरी थापताना ती आता दाराकडं तोंड करून बसू लागली होती.

५

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी चांदभाईनं बाजारातच हाक मारली. "काकी, तुमचा पिक्चर आला! कॅशेट आणलीय. चला, आज तुम्ही चीफ गेस्ट."

स्नेहलनं यायला नकार दिला होता. सकाळी म्हणाली, "माझं मला काय बघायचं?" म्हणून साळुबाई एकटीच गेली. खोली गच्च भरली होती. पठारावरची चार माणसंही होती.

पिक्चर नेहमीसारखाच टाकाऊ. रक्त पातळ रश्श्यासारखं. बंगला तोच, मागच्या चार पिक्चरांतला. साळुबाईनं एकेकाची सालं काढली आणि लोक पोट धरून हसले. मग भिमाजीचं घर आलं. अंगण. तिरडी.

"आता काकीची नात! बघा रं," चांदभाई म्हणाला.

साळुबाईनं सवयीनं बोट वर केलं. मढ्याची छाती हलते. आपल्या पोरीची पण हलणार, आणि आपण सगळ्यांच्या आधी सांगणार. चेहरा टाळत कॅमेरा जवळून डोक्यापासून पायापर्यंत सरकला. ओले केस, हनुवटी, छातीवरचं कापड.

बोट वरच राहिलं.

"काकी, बोला की! हल्ली का?"

कापड हललंच नव्हतं. पोरीनं दम रोखून धरला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. हुशार हाय माझी.

तिरडी उचलली गेली. आता कॅमेरा लांब होता. डाव्या बाजूला घर, उजवीकडं रस्ता आणि रस्त्यावरून लांब लांब जाणारं गाव. वरून पेटीचं रडकं संगीत. आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली.

"चूक! काकीनं पकडायच्या आधी मी पकडली! मेलेली पोरगी दारात उभी हाय!"

खोली खदखदली. चांदभाईनं कॅशेट मागं घेतली, पुन्हा लावली. भिमाजीच्या घराच्या दारात, उंबऱ्याच्या आत स्नेहल उभी होती. केसांतून पाणी निथळत होतं. एक हात चौकटीवर. तोंड उघडं. ती हाक मारत होती. संगीतामुळं काहीच ऐकू येत नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी घेतला असंल शॉट," चांदभाई म्हणाला. "नंतर जोडत्यात, काकी."

"दुसऱ्या दिशी ती माणसं न्हवती गावात." साळुबाई उठून टीव्हीपाशी गेली. काचेवर बोट ठेवलं. "आनी ही बघ. ही कोण?"

चांदभाईनं वाकून बघितलं. त्याच चित्रात, उजवीकडं लांब, तिरडीच्या कडेनं एक बाई पदरानं वारा घालत चालली होती. ती साळुबाई होती. तिरडीवर कापडात कुणीतरी होतं. आणि डावीकडं दारात स्नेहल, आजीच्या पाठीकडं बघत, तोंड उघडून.

चांदभाईनं टीव्ही बंद केला. काळ्या काचेत साळुबाईला आपलाच चेहरा दिसला.

"काकी," तो हळू आवाजात म्हणाला, "ही कॅशेट मी उद्या परत पाठवतो. तुम्ही घरी जावा."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल ओट्यावर मटकी निवडत बसली होती. साळुबाई समोर बसली. पोरीचा चेहरा तोच. भुवईवरचा व्रण तोच, बोलताना मान कलती करायची लकबही तीच. साळुबाईला स्वतःची लाज वाटली. तरी तिनं विचारलं.

"इसाव्यावर तुझ्या अंगठ्याचा दोरा कुणी सोडला गं?"

स्नेहलनं मटकीतला खडा बाजूला टाकला. "सोडला कुठं अजून," ती म्हणाली आणि हसली.

साळुबाईनं तिच्या पायांकडं बघितलं. दोरा नव्हता. दोन्ही अंगठ्यांवर बारीक पांढरी रेघ मात्र होती, चैत्रातली, आता थंडी पडली तरी.

ती तडक गेणभाऊकडं गेली. गेणभाऊ गोठ्यात होता. तिनं काही सांगायच्या आधीच त्यानं हातातली वैरण खाली ठेवली.

"खडा मागाया आलीस न्हवं?"

"तुला ठावं व्हतं?"

"घरी आल्यावर खिशात हात घातला तवा कळलं. सवयीनं उचलला, साळू. लई वाईट केलं. पाण्यात टाकावा तर दहावा उरकल्यासारखं व्हतं, म्हंजी पोर गेलीच. घरात ठिवावा तर..." त्यानं गोठ्याबाहेर येऊन जांभळीच्या ढोलीत हात घातला आणि चिंधीची पुरचुंडी काढली. "हितं ठिवलाय तवापासनं. हात लाव."

साळुबाईनं पुरचुंडी घेतली. पठारावर त्या वर्षी प्यायला टँकर येत होता. चिंधी ओली होती. आताच पिळून काढावी तशी.

"ह्याला शास्त्र काय?"

"न्हाई ह्याला शास्त्र. जित्याचा कुणी उचलला असंल तर पुढचं सांगाया कोण?"

"मग मी करते शास्त्र," साळुबाई म्हणाली. "जिथनं न्हेली तिथं जाते. तिला त्या दिशी कुणी हाक मारली न्हाई. आपुन समदी म्होरं गेलो. मी हाक मारते."

"एकटी जाऊ नगं."

"तू येतोस?"

गेणभाऊ पुन्हा गोठ्यात शिरून वैरण उचलू लागला. साळुबाईनं पुरचुंडी मुठीत धरली आणि निघाली. पिक्चरमध्ये अशा वेळी एक शहाणा माणूस 'मीही येतो' म्हणतो, हेही खोटंच होतं तर.

७

लख्ख ऊन होतं. भिमाजीच्या अंगणात वाऱ्यानं धूळ फिरत होती. दाराची फळी कुणीतरी काढून नेलेली, चौकट तेवढी उभी होती आणि आत अंधार. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, हातभर जागा, जमीन काळी होती. ओली.

साळुबाई पायरीच्या खाली थांबली.

"स्नेहल!"

वाऱ्यानं चौकट वाजली.

"स्नेहल! बाय माझी, चल घरी!"

"ओ."

आतून. तिच्याच पोरीचा आवाज, थंडीनं कुडकुडल्यासारखा. आणि मग, जरा रुसून, "किती येळ गं, आजी. मी हाका मारत व्हते."

साळुबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पाय उचलला, आणि मागून आवाज आला.

थप्.

अंगणाच्या कडेला आत शिरायची, उंबऱ्यासारखी दगडी पायठण होती, तिच्यावरून कुणीतरी आत आलं होतं.

"आजी." हाही आवाज तिच्याच पोरीचा.

साळुबाई हलली नाही. आपण कुणाची वाट बघतोय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पुढं बघायचं. उंबऱ्याकडं. आतली पोर उंबरा कसा ओलांडते, एवढंच बघायचं, की सगळं कळेल. अंधारात काहीतरी पांढुरकं हललं. ओल्या केसांची बट. चौकटीवर बोटं आली, थंडीनं निळी पडलेली. आणि उंबऱ्यावर एक पाऊल पडलं.

एकच पाऊल. उजवं. साधं, माणसाचं, चिखलात उमटावं तसं. दुसरं अजून आतच होतं.

ती होती. ही होती तिची पोर. साळुबाईनं खड्याची मूठ पुढं केली. म्होरं दार हाय. पळ की. मागं तुझं काय ठिवलंय?

"आजी, कुठं निघालीस?" मागची म्हणाली. आवाज अगदी पाठीशी आला होता. त्यात रडू होतं. "चूल इझलीय. मी काय खाऊ?"

चैत्रापासून या आवाजाला साळुबाईनं रोज ताटात भाकरी वाढली होती. तापात याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. दिवाळीला या पाठीला उटणं लावलं होतं. वेणी घातली होती. आणि त्या पाठीनं कधी, एकदाही, तिला काही वाईट केलं नव्हतं.

"मला टाकून जातीस?"

पुढं उंबऱ्यावर एक पाऊल तसंच थांबलं होतं, आजीची वाट बघत.

अक्कल नसते म्हणून त्या वळत नाहीत, हे साळुबाईला त्या अंगणात कळलं. हाक मारणारं आपलंच असतं.

ती वळली.